मांडीखाली ठेवलेले हात

पावसाळाभर माझ्या घरातली चामड्याची वाद्यं नुसती थापथाप करतात. ढोलकीला चापट मारावी, तर गादी झटकल्यासारखा आवाज. दिमडी तर बोलतच नाही. मग आश्विन लागतो, उन्हाला धार येते, आणि एका सकाळी जाता जाता सहज टिचकी मारली की ढोलकी खणकन उत्तर देते. पंचांग काहीही म्हणो, माझं नवरात्र त्या दिवशी सुरू होतं. मी पदर खोचते आणि एकेक वाद्य गच्चीवर नेऊन उन्हात मांडते.

यंदाही मांडली. संबळ, तुणतुणं, एकतारी, आफ्रिकेतलं जेम्बे, अंगठ्यांनी छेडायचा कलिंबा, इंडोनेशियातलं बांबूचं अंगक्लुंग. माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. लोकांचे भाऊ परदेशातून साबण नि अत्तरं आणतात, हा वाद्यं आणायचा. वहिनीनं दोन-चार वर्षं सोसलं आणि मग सगळा संसार माझ्या दारात आणून टाकला. आता गच्चीवर ही जत्रा भरली की शेजारचे जोशी कपडे वाळत घालता घालता म्हणतात, "काय नंदाताई, भंगारवाल्याला हाक मारू का?" दरवर्षी तोच विनोद. मीही दरवर्षी म्हणते, "मारा, तुम्हालाही त्यात घालून देते."

नाशकातल्या द्वारका चौकापासून माझं घर फार लांब नाही. गाड्यांचे हॉर्न दिवसभर खिडकीतून आत येतात. मी त्यांच्याशी भांडणं सोडून दिलं आहे. चार-पाच वर्षांची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिल्या दिवशी तेच ऐकवते. डोळे मिटा आणि सांगा, हा ट्रक की रिक्षा? मुलं चुकत नाहीत. चुकतात ते पालक. त्यांना वाटतं, ही बाई वेळ काढते आहे. "मॅडम, परीक्षेला कधी बसवता येईल?" एका आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "आधी त्याला स्वतःचं नाक पुसता येऊ दे." ती पुन्हा आली नाही, आणि मला त्याचं दुःखही झालं नाही.

शिकवत मी तसं काहीच नाही. ओळख करून देते. हे कशाचं आहे, कुठून आलं, हातात कसं धरायचं, कानाला काय वाटतं. मोठ्या माणसाला परक्या देशातलं वाद्य दाखवलं की तो आधी नकाशा आठवतो. मुलं असलं काही करत नाहीत. ती विचारतात, "हे दुखतं का त्याला, मारलं की?" "ह्याच्या पोटात काय आहे?" "हे कोणाचं आहे?" इंडोनेशिया त्यांना शेजारच्या दिंडोरीइतकाच लांब. परकं म्हणजे काय, हे त्यांना अजून कुणी शिकवलेलं नसतं. तेवढ्या दोन-तीन वर्षांच्या फटीत जेवढं आत सारता येईल तेवढं सारावं, एवढाच माझा उद्योग.

पण गच्चीवर ऊन तापतं, बांबू तडकायला लागतो, आणि मला काही वर्षांपूर्वीचा तो एक आश्विन आठवतो. दरवर्षी आठवतो. शर्वीचा आश्विन.

गणपती नुकतेच गेले होते. एक बाई नातीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, पायात रबरी चपला. कुसुमबाई. दिंडोरीकडच्या एका खेड्यातल्या. घरी थोडी द्राक्षबाग होती, ती दिराकडे सोपवून त्या मुलाच्या घरी, नाशकात येऊन राहिल्या होत्या. मुलगा सातपूरला एका कंपनीत होता. श्रावणात तो गेला. रात्रपाळीवर होता, छातीत कळ आली, संपलं. तरुण माणूस. सून नोकरीवर परतली होती, कारण परतावंच लागतं, आणि पाच वर्षांची नात दिवसभर आजीपाशी होती.

"घरात नुसती भिंतीला टेकून बसती बाई," कुसुमबाई म्हणाल्या. "रडत नाय, का काय मागत नाय. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, तुमच्याकडं पोरं रमत्यात. आमच्या घरात वरीस होईस्तोवर काय वाजवायचं नाय. पण तुमच्या इथं बसू द्या तिला. बाहेरचं चालतंय."

मी म्हटलं, "बसू दे की." ह्यापलीकडे त्या वेळी मला काही सुचलं नाही.

शर्वी आत आली, सगळ्यांत कडेला बसली, आणि बसल्याबरोबर तिनं दोन्ही तळहात मांडीखाली सारले. मला वाटलं, लाजते आहे. मुलं पहिल्या दिवशी काय वाटेल ते करतात. कुणी आईच्या ओढणीत शिरतं, कुणी दाराची कडी चाटतं. पण दुसऱ्या वेळेलाही तेच. तिसऱ्या वेळेलाही तेच. दातांत धरून छेडायचा मोरचंग फिरत फिरत तिच्यापाशी आला की ती मान हलवायची. एकतारी समोर ठेवली की बसल्या बसल्या थोडी मागे सरकायची. हात मात्र बाहेर नाहीत. वर्ग सुटल्यावर ती उठायची तेव्हा तळहातांवर सतरंजीची वीण उमटलेली असायची. कुसुमबाई व्हरांड्यात बसून कापसाच्या वाती वळत. नातीला न्यायला उठल्या की रोज विचारत, "आज काय वाजिवलं का?" आणि मी रोज नाही म्हणे.

अंगक्लुंगची गंमत अशी की एका माणसाच्या हाती एकच सूर. बांबूची चौकट हलवायची, सूर थरथरतो. गाणं हवं असेल तर सगळ्यांनी आपापल्या पाळीला हलवायचं. मी मुलांना सा, रे, ग असे वाटून दिले. शर्वीच्या समोर ग ठेवला. मुलांनी सा वाजवला, रे वाजवला, आणि मग सगळी थांबली. शर्वी बसूनच. मुलांनी थोडी वाट पाहिली, आणि पुढचा म वाजला. चिन्मय नावाचा एक भारी बडबड्या मुलगा होता. तो म्हणाला, "मावशी, शर्वीचा ग येतच नाही." मी म्हटलं, "येईल तेव्हा येईल. तू तुझ्या म कडे बघ." मग मुलांनी आपणहूनच तिथे थांबायची सवय लावून घेतली. सा, रे, रिकामी जागा, म. ऐकवत नव्हतं मला ते. एकदा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण नळ सोडून उभी राहिले.

हे सांगितलं की लोक उत्सुकतेनं विचारतात, मग तो ग शेवटी आला का? नाही आला. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. शर्वी आज कुठलंही वाद्य वाजवत नाही. ती कबड्डी खेळते, आणि मी ऐकते की चढाईत ती भल्याभल्यांना आवरत नाही. वाद्यं दाखवली म्हणजे मूल वादक झालंच पाहिजे, असा करार मी कुणाशी केलेला नाही.

वाद्यं जमवता जमवता मला एक गोष्ट उमगत गेली होती. वाजवायचं कसं, हे कुणीही सांगतं. कधी वाजवायचं नाही, हे ज्याचं वाद्य त्यालाच ठाऊक असतं. आमच्याकडे खंडेनवमीला वाद्यं पुजेला मांडली की त्यांना हात लावायचा नाही. गल्लीच्या टोकाच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला घंटा मुकी असते. आणि घरात कुणी गेलं की आमची माणसं आधी रेडिओ बंद करतात, मग टीव्ही, मग हसणं. वर्षभर सनई नाही, लग्न नाही. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो. दुःखाचा मान राखायचा, एवढाच तो अर्थ. पण लहान मूल गुडघ्याएवढ्या उंचीवरून हे सगळं बघत असतं, आणि त्याला ते कुणी समजावत नाही, हे माझ्या तोवर डोक्यात आलं नव्हतं.

भोये सर माझे डी.एड.पासूनचे मित्र. पेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कोकणा आदिवासी, गाव डोंगरातलं, स्वभाव गंभीर आणि विनोद त्याहून गंभीर. मुलगी नाशकात वसतिगृहात, म्हणून शनिवारी त्यांची फेरी असे. मी त्यांच्या मागे लागले होते, की एकदा मुलांना तारपा ऐकवा. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य बघून मुलं वेडी होतील.

"आत्ता नाही," ते फोनवर म्हणाले. "आमच्या गावात नवं भात घरात आल्याशिवाय तारपा बाहेर काढत नाहीत. भात अजून शेतात उभं आहे."

"सर, तुम्ही शिक्षक ना? एक दिवस काढलात तर काय होईल?"

"मला काही होणार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना होईल. त्यांची औषधं तुम्ही आणणार का?" मग म्हणाले, "थाळी आणतो. बापाला विचारून आणतो. पण ती कशाला वाजवतात ते मुलांना सांगावं लागेल. नुसता आवाज ऐकवायचा असेल, तर मी आणणार नाही."

ती कशाला वाजवतात ते मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढे मांडीखालचे ते दोन हात आले. त्या दिवशी शर्वीला येऊ नको म्हणावं का? मग मला रागच आला, कुणाचा ते नाही सांगता येणार. त्या पोरीभोवती महिनाभर सगळी चवड्यांवर चालत होती. तिची आई, बालवाडीच्या बाई, मी. तिच्यासमोर कुणी 'बाबा' हा शब्द उच्चारत नव्हतं. मी सरांना म्हटलं, "सांगा. सगळं सांगा."

सर आले ते पिशवीत थाळी घेऊन, धोतरात गुंडाळलेली. काशाची, जड, कडेला बोटांनी झिजलेली. त्यांनी ती सतरंजीवर ठेवली, मधोमध मेणाचा गोळा दाबला आणि त्यात एक सरळ वाळकी काडी उभी केली. बस्स, एवढंच वाद्य. चिन्मय म्हणाला, "हे तर जेवायचं ताट आहे!" सर म्हणाले, "हो, पण आज जेवण नाही." आणि त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत काडी धरून बोटं वरून खाली ओढली.

आवाज कुठून येतो ते कळेना. थाळी गुणगुणायला लागली. खोल, एकसुरी, न तुटणारा आवाज. एक बोटजोडी खाली येते तोवर दुसरी वर लागलेली. "मिक्सर!" कुणीतरी ओरडलं. "भुंगा!" "विमान!" मग आपोआप सगळी गप्प झाली. चौकातले हॉर्न होतेच, पण ते आता दूर कुठेतरी होते. व्हरांड्यात कुसुमबाई वाती वळत होत्या.

सरांनी हात थांबवला. "आमच्याकडे ही थाळी धान्याच्या देवीपुढे वाजवतात," ते म्हणाले, "आणि घरातलं माणूस मेलं, की त्याच्या दिवसाला वाजवतात. सगळी माणसं गोल बसतात. वाजवणारा कथा सांगतो. जग कसं झालं, धान्य कसं आलं, माणूस कुठून आला आणि कुठं चालला. जो गेला त्याला सोबत म्हणून वाजवायचं, आणि जे मागं राहिले त्यांनाही सोबत म्हणून."

'मेलं' हा शब्द त्या खोलीत महिन्याभरात पहिल्यांदा पडला. मी शर्वीकडे बघायचं टाळलं आणि टाळता आलं नाही. ती सरांकडे टक लावून बघत होती.

"आधी वाजवलं, की मग मरतात?" तिनं विचारलं.

तिचा आवाज मी तेव्हा नीट पहिल्यांदा ऐकला. थोडा घोगरा होता.

सरांना ती कोण, काय, मी काहीच सांगितलेलं नव्हतं. चाळीस मुलांच्या वर्गात उत्तरं देणारा माणूस, त्यांनी सरळ उत्तर दिलं. "नाही बाळा. आधी माणूस मरतो. मग वाजवतात."

"आणि कुणी आधीच वाजवलं तर?"

"तर काही होत नाही. वाजवल्यानं कुणी मरत नसतं."

"डमरू वाजवलं तरी?"

"डमरू वाजवलं तरी."

मग ती बोलायला लागली, सरांशीच, जणू आम्ही बाकीची नव्हतोच. "बाबांनी मला त्र्यंबकला डमरू घेतलं होतं. बाबा कामावरून यायचे होते ना, म्हणून मी वाजवत होते. मग फोन आला. मग आजी ओरडली, बंद कर ते, बंद कर आधी. तिनं ओढून घेतलं." मग अगदी हळू तिनं पुढचं सांगितलं. "मी लगेच बंद नव्हतं केलं. आजी ओरडली, तरी मी थोडंसं आणखी वाजवलं."

म्हणजे महिनाभर हे पोर हे ओझं घेऊन बसलं होतं. ह्या हातांनी वाजवलं आणि बाबा गेले. आजीनं सांगितलं, तरी थांबले नाहीत हे हात. म्हणून ते दाबून ठेवायचे, पुन्हा सुटू द्यायचे नाहीत. आता आई उरली, आजी उरली. त्यांना सांभाळायला नको? पाच वर्षांच्या लेकरानं सगळ्या घराचा जीव आपल्या दोन मांड्यांखाली धरून ठेवला होता, आणि आम्ही म्हणत होतो, लाजाळू आहे.

मी काही बोलायच्या आत व्हरांड्यातून कुसुमबाई आत आल्या. चपला पायातच होत्या, बोटांना कापूस चिकटलेला. मुलांमधून वाट काढत त्या शर्वीपुढे आल्या आणि धपकन खाली बसल्या.

"आगं माझे बाय," त्या म्हणाल्या. "काय घेऊन बसलीस गं हे मनात? तुझा बाप पहाटंच गेला व्हता. कंपनीतच गेला व्हता. फोन लय मागून आला. तू उठली नव्हतीस, दात घासले नव्हतेस, तवाच तो गेलेला व्हता. तू डमरू हातात घेतलंस ना, तवा तो नव्हताच गं ह्या जगात."

"मी वाजवत होते तेव्हा बाबा नव्हतेच?"

"नव्हता."

"मग त्यांना ऐकू नाही आलं?"

आजीनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणि मग शर्वी रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज काढून, तोंड वेडंवाकडं करून, जसं त्या वयाच्या मुलानं रडायला हवं तसं. मांडीखालचे हात सुटले आणि आजीच्या गळ्यात पडले. आजीच्या लुगड्याला तिनं अशी घट्ट मूठ मारली होती, की बोटं पांढरी पडली. कुसुमबाई तिला थोपटत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "म्या भ्याले व्हते गं, म्हून ओरडले. तुझं काय चुकलं नव्हतं. म्या भ्याले व्हते."

बाकीची मुलं जागच्या जागी बसली होती. चिन्मयसुद्धा. दारात कुणाची तरी आई न्यायला आली होती, ती एक चप्पल काढून तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता वर्ग सोडावा, सगळ्यांना घरी पाठवावं. सरांना आता काहीतरी कळलं होतं. ते खाली मान घालून थाळीवरची काडी काढायला लागले.

"राहू द्या, मास्तर," कुसुमबाई म्हणाल्या.

सर थांबले.

"वाजवा."

मी म्हटलं, "कुसुमबाई, तुमच्याकडे वर्षभर..."

"म्हातारं माणूस गेलं असतं तर गावानं भजन म्हणत नेलं असतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "माझं तरणं पोर गेलं. कुणी टाळसुद्धा हातात धरला नाय. मुक्यानं नेला त्याला, चोरासारखा. तुमच्यात वाजवत्यात ना? मग वाजवा. माझ्या पोरासाठी वाजवा."

सरांनी काडी पुन्हा मेणात दाबली. बोटं पुसली. मग अगदी त्यांच्या शाळेत विचारत असतील तसं, शांतपणे विचारलं, "नाव काय त्यांचं?"

शर्वीनं आजीच्या खांद्यावरून मान वर केली, नाक ओढलं, आणि बालवाडीत शिकवतात तसं, ताठ बसून, पूर्ण सांगितलं, "माझ्या बाबांचं नाव संदीप रामभाऊ शिंदे."